हॅगिस खाली ठेवायचं कधी?

दुकानात उभं राहून, हातात गिऱ्हाइकाचा बल्ब असताना, माणसाने आयुष्यातले निर्णय घेऊ नयेत. मी घेतला. "या वर्षी हॅगिसचं ताट मी उचलतो," असं म्हणालो आणि बल्ब चालतो की नाही हे दाखवायला बटण दाबलं. बल्ब पेटला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

झालं असं, की नोव्हेंबर संपत आला असताना एफी क्रुकशँक माझ्या दुकानात आली. एफी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्टनॉकार गावच्या परंपरा मंडळाची अध्यक्ष. दर वर्षी सेंट अँड्र्यूजच्या संध्याकाळी आम्ही बंदरावरच्या सभागृहात घागऱ्यासारखे चौकड्यांचे किल्ट घालून जमतो, पिशवी फुगवून वाजवायचा बॅगपाइप ऐकतो, गावच्याच एका जुन्या शाळामास्तराने रचलेल्या कविता म्हणतो आणि हॅगिस खातो. (मास्तर कवी म्हणून बेताचाच होता. पण त्याने हॅगिसवर एक लांबलचक कवन केलं आणि तेवढ्यावर आमच्याकडे अमर झाला. खिळे आणि बिजागऱ्यांवर कुणी कवन केलं असतं तर माझ्या दुकानालाही चार दिवस बरे आले असते.)

एफीने बल्ब मागितला, मग दोरीची रिळं बघितली, मग रंगाचे डबे बघितले. तिला डबे नको होते हे मला लगेच कळलं. इतकी वर्षं गल्ल्यावर बसल्यावर माणूस काय घ्यायला आलाय आणि काय बोलायला आलाय, एवढं ओळखता येतं.

"वॉल्टर," ती रंगाच्या डब्याकडे बघत म्हणाली, "तुझी खुर्ची या वर्षी कुठे लावू?"

मिना, म्हणजे माझी बायको, मार्चमध्ये गेली. मंडळाच्या लांब टेबलाच्या वरच्या टोकाला आमच्या दोन खुर्च्या लग्न झाल्यापासून ठरलेल्या. आणि मंडळाचा एक रिवाज आहे, जो कुणी बोलून दाखवत नाही. जोडीतलं एक माणूस गेलं, की उरलेल्याला भिंतीकडच्या टेबलावर हलवतात. त्या टेबलात तसं वाईट काही नाही. रेडिएटर जवळ आहे. संडासाचं दार तर फारच जवळ आहे. तिथे विधुर बसतात, बिनलग्नाचे बसतात, आणि बँकेत नुकताच बदलून आलेला कुणीतरी बसतो, ज्याला हे सगळं कधी संपणार ते माहीत नसतं. सगळे भिंतीला पाठ लावून एका ओळीत, बसची वाट बघत असल्यासारखे.

"घाई नाही," एफी म्हणाली. "जुन्या जागी बसायचं असेल तर बस की. फक्त शेजारची खुर्ची..."

"रिकामी राहील."

"तिथे पाहुण्यांचे कोट ठेवायला सांगू का? म्हणजे अगदीच रिकामी दिसणार नाही."

"मिनाच्या खुर्चीवर कोट?"

"नाही रे. आपलं सुचवलं."

रिकाम्या खुर्चीला मी घाबरत होतो असं नाही. घरी त्या भरपूर आहेत. माझी अडचण वेगळी होती. मी बोलका माणूस. शाळा लहानपणीच सुटली. जे काही शिकलो ते गिऱ्हाइकांकडून शिकलो, आणि दिवसभर जे शिकलो ते संध्याकाळी मिनाला सांगायचं, ही माझी पद्धत. ती विणत बसायची आणि नेमक्या जागी "हं" म्हणायची. माझी एकही गोष्ट तिने अर्ध्यावर तोडली नाही. नवरा कसा आहे ते नशिबाचा भाग आहे, पण ऐकणारी बायको मिळणं म्हणजे नवऱ्याची पुण्याई, असं मी लोकांना सांगत असे. (मिनासमोर सांगत असे. ती "हं" म्हणायची.)

आता गोष्टी साठत चालल्या होत्या. उन्हाळ्यात एक जण उंदराचा सापळा परत करायला आला होता, आणि आत उंदीर जिवंत. ही गोष्ट मी तेव्हापासून घेऊन फिरत होतो. रात्रीचं जेवण मी आता मोरीशी उभ्याउभ्याच करतो, त्यामुळे एकदा ती गोष्ट किटलीला सांगून पाहिली. किटली ऐकते, नाही असं नाही. पण शेवट यायच्या आत शिट्टी मारते.

तर रिकाम्या खुर्चीशेजारी बसलो, तर मी तिच्याशी बोलायला लागेन आणि लोक बघतील, ही मला भीती. आणि भिंतीकडच्या टेबलावर एकदा बसलो, की तिथून माणूस थेट चर्चमागच्या दफनभूमीतच हलतो. तेवढ्यात मला तिसरी वाट दिसली.

"टॅम गेडिसचे गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

"ॲबर्डीनला नवे बसवतायत. का?"

"मग हॅगिसचं ताट कोण उचलणार?"

कारण दर वर्षी हॅगिस वाजतगाजत आत आणतात, आणि ते ताट वाहून आणणाऱ्याला त्या रात्री अध्यक्षांच्या उजव्या हाताला, लांब टेबलाच्या वरच्या टोकाला लागून असलेल्या मुख्य टेबलावर जागा मिळते. तिथे बसणाऱ्याला कुणी विधुर म्हणत नाही. त्याला मानकरी म्हणतात.

एफीने मला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं. "तुला जमेल?"

"बाई, अख्खी हयात मी होड्यांच्या नांगरांच्या साखळ्या उचलतोय." (मी बोट दाखवतो, उचलणारे दुसरे असतात. पण बोट दाखवायलाही अनुभव लागतो.)

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी व्यापारी माणूस. मंडळाचं पत्र्याचं जुनं ताट पोचे पडून वाकडं झालेलं, आणि माझ्या दुकानात मागच्या फळीवर बिडाचं एक भलंमोठं ताट कित्येक वर्षं धूळ खात पडलेलं. सगळ्या गावाच्या नजरेसमोरून ते एकदा मिरवलं, तर निदान चार बायका विचारतील, वॉल्टर, असलं आणखी आहे का? असा माझा हिशोब. "ताटही माझंच आणतो," मी म्हणालो. "मंडळाला भेट."

बॅगपाइप वाजवतो फार्कर डफ. आधी तो पोस्टमन होता. आयुष्यभर बॅगपाइप खांद्यावर ठेवून त्याचा डावा कान गेला आणि उजवा जायच्या बेतात आहे. हॅगिस करतो आमचा खाटीक लोगी: मेंढीच्या पोटाच्या पिशवीत तिचंच काळीज आणि फुप्फुस, ओट, कांदा, मिरपूड असं ठासून भरतो, शिवतो आणि उकडतो. मास्तरांचं कवनही तोच म्हणतो आणि कवन म्हणता म्हणता हॅगिसवर सुरी चालवतो. त्यामुळे मिरवणुकीचा क्रम असा: पुढे फार्कर, मधे ताट, मागे उघडी सुरी घेऊन लोगी. फेऱ्या घालायच्या त्या सबंध सभागृहाला.

"एकदा तालीम करायची का?" मी लोगीला त्याच्या दुकानात विचारलं.

"कसली तालीम? चालता येतं ना तुला?"

"येतं."

"मग फार्करच्या मागे चाल. तो थांबला की ताट ठेव. पण तो वाजवत असेतो टेबलाला लावू नकोस हं. एका वर्षी लावलं होतं, त्याच आठवड्यात सभागृहाचं छप्पर उडालं."

"ते वादळाने उडालं."

"मी कुठे म्हणतो हॅगिसने उडवलं? मी आपलं म्हणतो, लावू नकोस."

ती संध्याकाळ आली. स्वयंपाकघरात लोगीने चिमट्याने हॅगिस उचललं, माझ्या ताटाकडे पाहिलं आणि तसाच थांबला.

"हे काय आणलंस? गटाराचं झाकण?"

"अस्सल बीड आहे. ऊब धरून ठेवतं."

"आणि तुला कोण धरून ठेवणार?"

मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा ताट नुसतं उचलून मी त्याचं वजन पाहत होतो आणि बोलायला श्वास उरला नव्हता. लोगीने वर हॅगिस ठेवलं. बाहेर फार्करने पिशवीत हवा भरली. दार उघडलं.

पहिली फेरी, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातल्या मोठ्या क्षणांपैकी एक होती. सगळा गाव उभा राहून तालावर टाळ्या वाजवत होता. फार्करच्या किल्टच्या चुण्या माझ्यापुढे झुलत होत्या, माझ्या ताटातून वाफ निघत होती, आणि दोन बायकांनी ताटाकडे बोट दाखवून आपसात काहीतरी म्हटलं ते मी टिपून ठेवलं. आमच्या जुन्या जागेपाशी आलो तेव्हा मी मुद्दाम छताकडे पाहिलं. दुसऱ्या फेरीला छताऐवजी हॅगिसकडे पाहिलं, कारण मान वर होईना. तिसरी फेरी ही शेवटची, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. वरच्या टोकाला आलो की फार्कर वळतो, सूर तोडतो, ताट टेबलावर, कवन सुरू.

वरचं टोक आलं. फार्कर वळला नाही.

मला वाटलं, मंडळाला बिडाचं ताट आवडलंय, आणखी एक फेरी घालतायत. चौथी झाली. मग पुढची. माझे हात आता माझे राहिले नव्हते. लोगीने मागून माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ठेव की आता."

"तो वाजवतोय ना," मी ओरडलो.

"मग त्याला थांबव."

"माझ्या हातात ताट आहे. तुझ्याकडे सुरी आहे, तू थांबव."

"वाजवणाऱ्याला मागून सुरी लावू? माझं गिऱ्हाईक आहे तो."

पुढे फार्करचा चेहरा बिटासारखा झाला होता. त्याचं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्याच्या उस्तादाने त्याला लहानपणी शिकवलं होतं, की हॅगिस खाली टेकेपर्यंत सूर तोडायचा नाही. जो मधेच तोडतो तो वाजवणारा नव्हे. म्हणजे फार्कर मी ताट ठेवायची वाट बघत वाजवत होता, आणि मी तो थांबायची वाट बघत चालत होतो. हे दोन नियम मंडळात कित्येक वर्षं एकाच छपराखाली राहत होते आणि ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण मिरवणूक आजवर आपोआप थांबत आली होती. ती कशी थांबते, असं कुणी विचारलं नाही. आपण रोज झोपतो तेव्हा नेमकं कुठल्या क्षणी झोपतो, ते कोण विचारतं?

एफीसमोरून जाताना मी हनुवटीने टेबलाकडे खूण केली, म्हणजे, बाई, हे थांबवा. एफीने समजल्यासारखी मान हलवली. पुढच्या फेरीला ती हात लांब करून वाट बघत उभी होती, आणि तिने माझ्या हॅगिसवर चिमूटभर मीठ टाकलं. मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. तिने मिरपूड टाकली.

टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. म्हातारी माणसं खाली बसली. स्वयंपाकघराच्या दारात सलगम आणि बटाट्याच्या लगद्याची पातेली घेऊन उभ्या असलेल्या बायका पातेली घेऊन परत आत गेल्या. आणि मग फार्करची आनंदाची गाणी संपली.

वाजवणाऱ्याकडे गाणी असतात तितकीच असतात. लग्नाची झाली, नाचाची झाली, पलटणीची झाली. सूर तर तोडायचा नव्हता. तेव्हा त्याने उरलेलं वाजवलं. आमच्याकडे ते मयताला वाजवतात. मार्चमध्ये, मिनाला पुरताना, चर्चमागच्या टेकडीवर वारा असा होता की पाद्रीबाबांचे शब्द समुद्राकडे उडून जात होते, तेव्हा फार्करने हेच वाजवलं होतं, आणि तेवढंच मला नीट ऐकू आलं होतं.

त्या सुरावर भरभर चालता येत नाही. फार्करचे पाय आपोआप मंदावले, माझे मंदावले, लोगीने सुरी खाली केली. बसलेली माणसं पुन्हा उभी राहिली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि मी, गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी, मयताच्या चालीने, मीठमिरपूड टाकलेलं हॅगिस घेऊन आपल्या बायकोच्या खुर्चीकडे निघालो. हसू येण्यासारखंच होतं. कुणी हसलं नाही.

इतक्या सावकाश जाताना छताकडे किती वेळ बघणार? मी खुर्चीकडे पाहिलं. कोट कुणी ठेवला नव्हता. समोर स्वच्छ कापड, आणि बरोबर मधोमध, जिथे ताट ठेवायचं त्याच जागी, मंडळाचं मिठाचं लाकडी भांडं.

आणि मला मिनाचा हात दिसला. म्हणजे भुताखेताचं काही नाही, आठवला. मी तिच्या कानाशी काहीतरी सांगत असायचो, मिरवणूक तिसऱ्यांदा यायची, मिना "हं" म्हणायची आणि हात पुढे करून ते मिठाचं भांडं बाजूला सरकवायची. लगेच बॅगपाइप थांबायचा आणि मला माझी गोष्ट कुजबुजत पुरी करावी लागायची. दर वर्षी मला त्याचा राग यायचा. बाजूलाच बसून मी वर्षानुवर्षं ते पाहिलं होतं. मला वाटायचं, हिला मीठ लागतं.

फार्कर तिच्या हाताकडे बघून थांबत होता. त्याचे डोळे वाजवताना अर्धे मिटलेले असतात. त्याला ताट दिसत नाही, लोगी दिसत नाही, अध्यक्ष तर नाहीच. त्याला त्या कोपऱ्यातला तेवढा हात दिसायचा, आणि भांडं सरकलं म्हणजे हॅगिस टेकलंच, असं तो धरून चालायचा.

पण भांडं सरकवायचं कुणी? माझे दोन्ही हात ताटाखाली. फार्कर कोपरा ओलांडून पुढे निघाला होता, आणि आणखी एक फेरी मी जिवंत पुरी केली नसती. मी मिनाच्या खुर्चीत बसलो. ठरवून बसलो असं मला म्हणायला आवडेल. पण गुडघ्यांनी माझ्या आधीच ठरवलं होतं. ताट मांडीवर आलं, म्हणजे टेबलाला लागलं नाही, छप्पर वाचलं. एक हात मोकळा झाला. मी तो लांब केला आणि मिठाचं भांडं सरकवलं.

बॅगपाइप मधल्या सुरातच तुटला. इतकी शांतता झाली की बंदरातल्या होड्या एकमेकींना घासत होत्या ते ऐकू आलं.

फार्कर वळला. आधी त्याने भांड्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा जरा पडल्यासारखा झाला. "हं, तू होय," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

मी उठायला लागलो, तर लोगीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हलू नकोस."

"अरे, टेबलावर तर ठेवू दे."

"जिथे टेकलं तिथे टेकलं, वॉल्टर. कवन पुरं होईपर्यंत हलवायचं नाही."

"किती कडवी आहेत?"

"किती आहेत ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. बिडाचं ताट ऊब धरून ठेवतं हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो, पण ते किती खरं आहे याची खात्री त्या दिवशी पटली. किल्टखाली आम्ही काय घालतो, असं बाहेरगावची माणसं हसत हसत विचारतात. त्या संध्याकाळी त्याचं उत्तर "चिलखत" असतं तर बरं झालं असतं. लोगी माझ्या मांडीसमोर उभा राहून कवन म्हणत होता, सुरी हवेत फिरवत होता, आणि "हे जाडजूड, हे गोलमटोल, हे सुस्तावलेल्या राजा" या ओळीला त्याची नजर हॅगिसवर होती की माझ्यावर, हे मी आजही सांगू शकत नाही. मग त्याने सुरी खुपसली. मी डोळे मिटून घेतले. वाफेचा लोट उठला, सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि हॅगिसचा बराचसा भाग ताट सोडून माझ्याकडे आला.

जेवायला मी तिथेच बसलो. मुख्य टेबलावर एफीच्या उजव्या हाताची मानाची जागा माझी वाट बघत राहिली, पण माझ्या पायांत उठण्याइतका जीव नव्हता आणि किल्ट उभं राहून दाखवण्यासारखा नव्हता. लोक येऊन पाठ थोपटून गेले. ताटाबद्दल कुणी विचारलं नाही. मग सगळे आपापल्या जागी गेले आणि मी मिनाच्या खुर्चीत बसून माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो. तिला दर वर्षी तिकडे बघावं लागायचं, तेव्हा निदान तिथे कुणीतरी बडबडत तरी असायचं.

तेवढ्यात भिंतीकडच्या टेबलावरून बार्कली पिरी आपली बशी घेऊन आला. बार्कली दीपगृहावर कामाला होता. लग्न केलं नाही, आणि बोलायची सवयही नाही.

"इथे कुणी बसतं का?" त्याने माझ्या जुन्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"मीच बसतो," मी म्हणालो. "म्हणजे बसायचो."

तो बसला. मग त्याने सलगम संपवलं, बटाटा संपवला, आणि म्हणाला, "तिकडे रेडिएटर फार तापतो." आणि तो तिथेच बसून राहिला.

जाताना एफीने मला दारात गाठलं. फार्करने तिला सगळं सांगितलं होतं. "मला काय माहीत," तो म्हणाला होता, "मिना मीठ सरकवायची, मी थांबायचो. तिने मला कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पहिल्याच वर्षी मला दम लागला होता, ते तिला दिसलं असावं."

"आता कुणाला तरी तिथे बसावंच लागणार," एफी म्हणाली. "मंडळाचं काम आहे ते. तू बसशील?"

"ताट नको उचलायला?"

"ताट तू पुन्हा उचलायचं नाही. आणि ते ताट घरी घेऊन जा."

घरी आलो. सांगण्यासारखी एवढी मोठी गोष्ट आजवर माझ्या हाती लागली नव्हती. किटली गॅसवर ठेवली, पहिलं वाक्य म्हणालो, आणि मग गॅस बंद करून थंड पाणीच प्यायलो.

वर्ष गेलं. यंदाच्या सेंट अँड्र्यूजला टॅम गेडिस नव्या गुडघ्यांवर उभा होता, हातात पत्र्याचं जुनं वाकडं ताट. मी मिनाच्या खुर्चीत. समोर मिठाचं भांडं. मी ते आधी दोनदा सरकवून पाहिलं होतं, अडकत नव्हतं. शेजारी, माझ्या जागी, बार्कली पिरी. तो कुणाला न विचारता तिथे येऊन बसला होता. बॅगपाइप सुरू झाला, मिरवणूक आत आली, सगळे उभे राहिले. पहिली फेरी झाली.

"बार्कली," मी त्याच्या कानाशी म्हणालो, "तुला ती उंदराच्या सापळ्याची गोष्ट सांगितली का?"

"नाही."

आता तुम्हीच सांगा. दीड वर्ष पोटात असलेली गोष्ट, आणि समोर माणूस "नाही" म्हणतो. मी म्हटलं, दोन फेऱ्यांत आटोपेल. मी सुरू केलं. एक जण सापळा परत घेऊन आला, आत उंदीर जिवंत. मी विचारलं, सापळ्यात काय खोट आहे? तो म्हणाला, खोट काही नाही. मग परत का करतोस? इथे मला त्या माणसाच्या बायकोचं थोडं सांगावं लागलं, कारण त्याशिवाय शेवट उमगत नाही, आणि तिच्या भावाचं, कारण शेजारचं घर त्याचं. बार्कली माझ्याकडे बघत होता. चक्क माझ्याकडे बघत होता. मी सावकाश, नीट, एकेक पायरी उतरत शेवटाला आलो. "तो म्हणाला, सापळा चांगला आहे हो, पण हा उंदीर आमचा नाही, मेव्हण्याचा आहे. आणि तो मागायला आला तर आमच्याकडे सापडायला नको."

बार्कली पिरी हसला. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की सभागृहात टाळ्या वाजत नाहीत, सगळ्यांच्या माना खाली आहेत, आणि फार्कर फारच सावकाश काहीतरी वाजवतोय.

टॅम गेडिस नव्या गुडघ्यांवर समोरून चालला होता. त्याच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. मी मिठाच्या भांड्याकडे झेपावलो, पण त्याआधीच मुख्य टेबलावरून एफीचा हात आला आणि तिने ते सरकवलं.

सूर तुटला. टॅमने ताट ठेवलं आणि ताटाशेजारी डोकं टेकलं. फार्कर घाम पुसत माझ्यापाशी आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"एक गोष्ट मला कळत नाही," तो दम खात म्हणाला. "मिना तुझ्याच शेजारी बसायची. तू दर वर्षी असंच तिच्या कानाशी लागलेला असायचास. तुझ्या गोष्टी ऐकता ऐकता तिला बरोबर तिसऱ्या फेरीला मीठ सरकवायला जमायचं कसं?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर एफीने दिलं, भांडं जागेवर नीट ठेवत, अगदी मायेने.

"ती ऐकत नव्हती रे."